राक्षसाच्या पाठीवरची शिवण

सकाळी सात वाजता ती नवऱ्याला शिवून टाकायची.

ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि त्या दिवसांत तिलाही येत असे. नवरा स्टुलावर पाठमोरा बसायचा. फोमचं जाड कातडं दोन्ही बाजूंनी ओढून ती त्याला कपड्यांचे चिमटे लावायची, दाभणात मेणदोरा ओवायची आणि कमरेपासून मानेपर्यंत शिवत जायची. बेचाळीस टाके. शिवण आत दाबून वर हिरवट रंगाचा बोळा फिरवला की पाठ सलग दिसायची, जणू तो माणूस त्या कातड्यातच जन्माला आला होता. संध्याकाळी तीच शिवण कात्रीनं कापून ती त्याला बाहेर काढायची. तोवर घामानं फोम इतका जड झालेला असे की दोरीवर वाळत टाकायला दोघं लागत.

"नवरा पळून जाईल म्हणून शिवून ठेवतेस का गं?" सासू विचारायची.

"पळतील कसे? पायांत पण फोमच आहे."

"माझ्या पोराची उशी केलीस बाई तू."

"गादी म्हणा, आई. उशी एवढी लांब नसते."

तो उंच होता, म्हणून तर हे काम त्याच्याकडे आलं. नाटकांचे देखावे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सुतार होता आणि सगळे त्याला 'शिडी' म्हणत. माळ्यावरचं काही काढायचं असलं की शिडी शोधण्याऐवजी लोक त्यालाच हाक मारत. ती तिथं आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिची आत्या थिएटरांतल्या खुर्च्या शिवायची, फाटलेली बैठक उसवून नवं कापड चढवायची. आत्याच्या हाताखाली, खुर्च्यांच्या रांगांमध्ये जमिनीवर बसून, ती वाकडी सुई चालवायला शिकली होती. कारखान्यात तिला पडदे शिवायला ठेवलं. तिथली सगळी टेबलं पुरुषांच्या उंचीची, आणि ही बुटकी. पहिला आठवडा तिनं चवड्यांवर उभं राहून कापड बेतलं. सोमवारी आली तर तिच्या टेबलाचे चारही पाय वीतभर आखूड झालेले.

"हे कुणी कापलं?" मालकानं विचारलं.

"वाळवी लागली असेल," शिडी म्हणाला. "फार मोजूनमापून खाते हल्ली वाळवी."

टेबल तिच्या कमरेला बरोबर लागत होतं. तिची उंची त्यानं कधी मोजली होती, हे तिनं लग्नानंतरही विचारलं नाही. असं काहीतरी न विचारलेलं संसारात असावं, असं तिला वाटे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हा तो सिनेमा आला. सिनेमा काढणारे गृहस्थ बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून बाहेर पडले होते. त्यामुळे सगळे त्यांना 'सर'च म्हणत. पैसा घालणारा त्यांचा मेहुणा होता, आणि मेहुण्याचा कारखाना होता गाद्यांचा. कॅमेरामन म्हणायचा, "मेहुण्याकडे लोखंडाचा कारखाना असता, तर आपला राक्षस लोखंडाचा झाला असता. शिडी, तुझं नशीब थोर."

गोष्ट अशी होती. एक शास्त्रज्ञ जखमा आपोआप भरून आणणारं औषध शोधतो. ते तो आपल्या विश्वासू मदतनिसाला टोचतो. मदतनिसाच्या हातावरची जखम भरते, नवी कातडी येते. पण मग ती यायची थांबतच नाही. वाढत जाते. बोटं जुळतात, कान बुजतात, तोंड बुजत येतं. आत माणूस असतो, आणि बाहेरच्यांना दिसतो तो फक्त राक्षस.

म्हणूनच चेन नको होती. पाठीला चेन लावून एक दिवस बघितलं, तर सर वैतागले. "अहो, त्याची कातडी वाढून वाढून जुळून आलीय. तिला सांधा कसा असेल? विज्ञानाला धरून नको का काही?"

विज्ञानाला धरून राहण्याचं त्यांना वेडच होतं. प्रयोगशाळा म्हणजे बिस्किटवाल्याच्या बरण्या, सायकलीची चाकं आणि रंगीत पाणी. पण नळी कुठल्या चंचुपात्रातून कुठल्या चंचुपात्रात जाते, याचा ते तासभर काथ्याकूट करत. शास्त्रज्ञाचं काम करणारा नट रंगभूमीवरचा जुना माणूस. त्यानं एकदा निळ्या बरणीतलं लाल बरणीत ओतलं, तर सर खुर्चीवरून उठून ओरडले, "आम्लात पाणी नाही ओतायचं! पाण्यात आम्ल! थेंब थेंब! उडेल ना अंगावर!" दोन्ही बरण्यांत नळाचं पाणी होतं. सगळे पोट धरधरून हसले, पण शॉट पुन्हा घ्यावा लागला.

तर अशी ती शिवण. ती घालायला अर्धा तास आणि कापायला दोन मिनिटं. एकदा शिवला की नवरा संध्याकाळपर्यंत आतच. डोकं वेगळं होतं, ते मानेला डिंकानं चिकटवलेलं. नाकाशी दोन भोकं. तोंडात फोमचे दात, त्यामुळे बोललेलं बाहेर यायचं नाही. बाहेरचंही त्याला विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं. पाणी नळीनं. पहिल्या दिवशी तिला धडकीच भरली.

"आत काही झालं तर मला कळणार कसं?"

"डावा पाय दोनदा आपटीन," तो म्हणाला. "दोन ठोके म्हणजे काप."

ती कॅमेऱ्याच्या मागे खोक्यावर बसून राहायची, मांडीवर कात्री. पहिल्या आठवड्यात दोनदा ठोके आले आणि दोन्ही वेळा ती चालू शॉटमध्ये घुसली. कॅमेरामन कपाळाला हात लावायचा. "टाकेवाल्या बाई, राक्षसाची बायको पण पिक्चरमध्ये आहे, हे आधी सांगायचं ना!" तिनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. कापलं, चेहरा मोकळा केला, ओला कपडा मानेवर ठेवला. तो हसला. "खाज सुटली होती गं पाठीला."

"खाजेसाठी आपटलात?"

"तू फार लांब बसलीस, तर भीती वाटते."

हे तो गमतीत म्हणाला. निदान तिनं ते गमतीतच घेतलं.

आठवड्याभराचं चित्रीकरण पडद्यावर लावून पाहिलं, तेव्हा ती घुसण्याआधीचे ते दोन ठोके सरांना दिसले. राक्षस भिंतीशी उभा आहे, आणि अचानक डावा पाय दोनदा आपटतो. सर खुर्चीत पुढे सरकले. "हे काय आहे? हे तर फार सुंदर आहे. बोलता येत नाही, म्हणून पायानं सांगतोय तो. हे ठेवायचं. राक्षस अस्वस्थ झाला की दोनदा पाय आपटतो."

शिडी लाजला. इतक्या वर्षांत त्यानं कितीतरी महाल आणि तुरुंग उभे केले होते. पण सुंदर आहे असं त्याच्या करण्याला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. घरी येताना तो म्हणाला, "बघितलंस? मी काही केलंच नव्हतं, तरी जमलं."

"मग आता खूण कोणती?"

"तीन. तीन ठोके म्हणजे काप. मोजायला तू आहेसच."

महिनाभर ती मोजत राहिली. दोन म्हणजे राक्षस, तीन म्हणजे नवरा. तीन फक्त एकदा आले, तेव्हा तिनं बरोबर ओळखलं.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. प्रयोगशाळेला आग लागते आणि राक्षस त्यात मरतो. प्रयोगशाळा एकच होती आणि ती खरोखर पेटवायची होती, त्यामुळे शॉट एकदाच होणार होता. सकाळी तिनं कातडं हातात घेतलं तर शिवणीच्या कडा चाळणीसारख्या झालेल्या. महिन्याभराचे टाके पडून पडून फोमचा भुगा होत होता, दोरा ओढला की चरकन फाटायचा. ऐन शॉटमध्ये पाठ उसवली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिनं दोन्ही कडांना आतून पट्टी लावली, दोरा दुहेरी घेतला आणि टाके जवळजवळ घातले. बेचाळीसच्या जागी साठ.

"आज फार घट्ट शिवलंस," तो म्हणाला.

"आजचाच दिवस. सर काय म्हणाले, किती वेळा आपटायचा पाय?"

"वाटेल तितक्या वेळा. पडेपर्यंत."

"मग आपली खूण?"

मग त्यानं फोमचा पंजा तिच्या डोक्यावर ठेवला. "आज कशाला खूण? पडलो की कापायचंच आहे तुला."

तिला ते पटलं. पुढे आयुष्यभर तिला एकच गोष्ट उलगडली नाही: ते आपल्याला पटलं कसं.

सरांनी बजावून सांगितलं, मी थांबा म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आग लागली. धुरासाठी कसलीशी पूड टाकली होती, तिचा पांढरा लोट उठला. राक्षस टेबलं उलथत पुढे आला. शास्त्रज्ञ "क्षमा कर मला" म्हणून ओरडला आणि दाराबाहेर गेला. मग राक्षस एकटाच राहिला. त्यानं पाय आपटला. दोनदा. पुन्हा दोनदा. मग तीनदा. आगीमुळे आज बाजूला सरकवलेल्या खोक्यावर बसून ती मोजत होती. तीनदा. तीनदा. त्यानं दोन्ही पंजे मानेशी नेले, भिंतीवर पाठ घासली, वळून तिच्या बाजूला तोंड केलं आणि पुन्हा तीनदा. 'किती छान करतायत,' असं तिच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. ऊर भरून आला तिचा. सातव्या वेळेला त्यानं पाय उचलला, तो खाली आपटलाच नाही. तो पडला. सर आणखी थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "थांबा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

मग ती कात्री घेऊन गेली आणि दुहेरी मेणदोऱ्यावर कात्री चालेना.

दवाखान्यात अकरा दिवस काढल्यावर तो परत आला. पण सगळा आला नाही. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. चालायचा, जेवायचा, माणसं ओळखायचा. हात मात्र थरथरत. बोलताना मधेच शब्द सापडायचा नाही आणि तो बंद दारासमोर उभं राहिल्यासारखा गप्प उभा राहायचा. एकदा त्यानं पेटीतून रंधा काढला, बराच वेळ हातात फिरवला आणि विचारलं, "हे... ते सोलायचं. काय म्हणायचो आपण याला?" तिनं सांगितलं. "रंधा," तो म्हणाला, "रंधा, रंधा," आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं. कारखान्याच्या मालकानं त्याला खिळे निवडायच्या कामाला बसवलं. सहा महिन्यांनी तेही हळूच थांबवलं. सिनेमाचा तो महिना त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. स्टूल, शिवण, ठोके, काहीच आठवत नव्हतं.

सासू काही बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं हिला वाटायचं. पण जी बाई मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायची, ती आता गुपचूप मुलाच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि सुनेला म्हणायची, "तू घे दोन घास आधी."

सर एकदा घरी आले. बराच वेळ कपाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "शेवटचा शॉट... ठेवलाय मी. त्याच्याशिवाय सिनेमा पुरा होत नाही."

तिनं बशी त्यांच्याकडे सरकवली.

"मला अभिनय वाटला हो," सर म्हणाले. त्यांचा चहा निवून वर साय धरली होती.

"मलाही," ती म्हणाली.

हे ती फक्त त्यांच्यासमोर बोलली. ज्याला सांगायला हवं, तो आतल्या खोलीत खिडकीशी बसला होता. त्याला सांगायचं, हे तिनं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. तुम्ही मला सांगत होतात, तीनदा, किती वेळा, माझ्याकडे तोंड करून. मी मोजलं आणि बसून राहिले. हे एकदा त्याच्यापुढे टाकायचं, मग तो रागावो, रडो, काहीही म्हणो. पण ज्याला तो दिवसच आठवत नाही, त्याला त्या दिवसाचा गुन्हा कसा सांगायचा? सिनेमा येऊ दे, तिनं ठरवलं. डोळ्यांनी बघतील, मग सांगू. तिथंच, अंधारात.

सिनेमा यायला दीड वर्ष लागलं. तेवढा काळ नवरा त्याच्यावरच जगत होता म्हटलं तरी चालेल. "माझा सिनेमा कधी येणार?" सकाळी विचारायचा, जेवताना विचारायचा. शेजारचा घड्याळजी चिडवायचा, "शिडीराव, हिरॉइन कोण आहे तुमची?" तो खरंच आठवायचा प्रयत्न करायचा आणि म्हणायचा, "हिला माहीत आहे."

एका जुन्या थिएटरात तो लागला, फक्त दुपारचे खेळ, एक आठवडा. गल्लीतल्या भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर बघून ती सोमवारी त्याला घेऊन गेली. सासूनं त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. आत शे-दीडशे माणसं असतील. ती सवयीनं बैठकीच्या कडेवरून बोट फिरवत बसली. शिवण उसवलेली होती.

लोक सुरुवातीपासूनच हसू लागले. बरण्यांना हसले, सायकलीच्या चाकाला हसले. शास्त्रज्ञ थेंब थेंब ओतायला लागला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "काका, चहा गाळताय काय?" राक्षस पहिल्यांदा आला तेव्हा तर शिट्ट्या. "अरे, हा तर आमच्या घरचा सोफा!" तिला मान वर करवेना. शेजारी बघितलं, तर नवरा सगळ्यांबरोबर हसत होता. "सोफा," तो म्हणाला, "सोफाच दिसतोय गं." आपण त्याच्या आत आहोत हे त्याला माहीत होतं, तरी ते त्याला कुठल्यातरी दूरच्या नातेवाइकासारखं वाटत असावं.

मग आग लागली.

राक्षसानं पाय आपटला तेव्हा काही लोक हसले. पुन्हा आपटला तेव्हा कमी हसले. तिसऱ्या वेळेनंतर कुणीच हसलं नाही. पडद्यावर तो मोठा हिरवा प्राणी मान पकडून भिंतीवर घासत होता, आणि थिएटरात पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं आई गं." इकडे हिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि पहिल्यांदाच तो प्रसंग समोरून बघितला. तेव्हा ती बाजूला बसली होती. समोरून तर लहान मुलालाही कळलं असतं.

"अहो," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब," तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट पकडलं होतं. डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

राक्षस पडला. कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या वाढत गेल्या. खरोखरीच्या टाळ्या, थट्टेच्या नव्हेत. दिवे लागले. लोक डोळे पुसत, एकमेकांना "काय केलंय राव" म्हणत बाहेर पडू लागले. तो वळला. त्याचा चेहरा तिनं दीड वर्षात असा पाहिला नव्हता.

"हे मी केलं?"

"हो."

"मीच? दुसरा कुणी नव्हता ना आत?"

"तुम्हीच होतात."

"मला येत होतं हे?" तो म्हणाला. एकेक शब्द शोधत नव्हता. शब्द त्याच्याकडे आपणहून चालत आले. "मला वाटायचं, मी नुसताच आत उभा राहिलो असेन. कुणीही उभं राहिलं असतं. पण हे... लोक रडले गं. बघितलंस ना तू?"

ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. दीड वर्ष घासून घासून गुळगुळीत केलेलं. ते बोलली असती तर तिची छाती हलकी झाली असती. आणि त्याच्याजवळ काय राहिलं असतं? रंधा नाही, खिळे नाहीत, आणि हेही नाही. कळून सवरून केलेली एवढी एकच गोष्ट त्याच्या पदरात पडली होती, आणि तीसुद्धा त्यानं केलेली नव्हतीच, हे ती त्याला सांगणार होती.

"तू काय सांगत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "चला, आई वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा तो आरशासमोर उभा राहून दाढी करत होता. हात थरथरत होता आणि हनुवटीवर एक बारीक लाल रेघ उमटली होती. "आज पण जाऊ," तो म्हणाला. मंगळवारी गेले. बुधवारी गेले. रोज माणसं कमी होत गेली. तो मात्र शेवटच्या प्रसंगाआधी शर्टाची कॉलर सारखी करून ताठ बसायचा. ती रोज त्याच्या शेजारी बसून बघायची. डोळे मिटणं तिला शक्य नव्हतं. तो मधूनमधून वळून तिचा चेहरा बघायचा.

गुरुवारी शेवटचा खेळ. आत मोजून सात माणसं. त्यांच्या मागच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ मांडीवर टोपी घेऊन बसले होते. राक्षस पडला, दिवे लागले, तरी ते तसेच बसून होते. तो मागे वळला.

"तो मी आहे," त्यानं सांगितलं.

"हो का," गृहस्थ म्हणाले. रस्त्यात उगाच बोलायला येणाऱ्या माणसाला म्हणावं तसं.

"खरंच. आत मी आहे." मग त्याला शब्द सापडेना. तो तिच्याकडे वळला. "अगं, सांग ना यांना."

"हो," ती म्हणाली. "हेच होते त्यात."

गृहस्थांनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याची उंची, अजूनही सरळ असलेले खांदे, थरथरते हात. "काय सांगता! अहो, मी घाबरलो होतो. मला वाटलं, आतला माणूस खरंच गुदमरतोय की काय. एकदा तर वाटलं, उठून कुणालातरी सांगावं."

तो उत्तरासाठी तिच्याकडे बघत राहिला. जे तिला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, ते तिच्या तोंडून ऐकायला थांबला.

"नाही हो," ती म्हणाली. "अभिनय आहे सगळा. महिनाभर सराव करत होते घरी."

"घरी?"

"हो ना. आम्हाला वैताग आणला होता."

गृहस्थ उठले आणि हात पुढे केला. त्यानं आपला हात दिला. तो थरथरायला लागला, तसा त्यांनी आपला दुसरा हात वर ठेवून तो निवांत धरून ठेवला. दोघं तसेच बोलत बोलत दाराकडे निघाले. "सराव म्हणजे कसा करायचा?" गृहस्थ विचारत होते, आणि तो सांगत होता. तोंडावर उशी धरायची. आरशासमोर उभं राहायचं. श्वास किती वेळ रोखायचा, ते घड्याळ लावून बघायचं. यातलं काहीही घडलं नव्हतं. पण तो सांगत होता, भरभर, कुठंही न अडखळता. त्याचा तो पूर्वीचा आवाज ती इतक्या दिवसांनी ऐकत होती.

झाडूवाली रांगांमधून पुढे येत होती. "शो संपला, बाई."

"हो," ती म्हणाली. "उठतेच."

पण ती उठली नाही. दाराबाहेर त्याचा आवाज ऐकू येत होता, तोवर ती तिथंच बसून राहिली.